मुलं इंटरनेटवर शिकतात, ते मोजायचं कसं?

प्रश्न विचारणाऱ्या बाई बडोद्यात नववीला विज्ञान शिकवतात आणि सोबत एम.एड. करतात. विषय मंजूर झालाय: ‘माध्यमिक विद्यार्थ्यांचा अध्ययनासाठी इंटरनेटचा वापर आणि शैक्षणिक संपादणूक’ (संपादणूक म्हणजे परीक्षेतलं यश). एकाच शाळेतली १२० मुलं घ्यायची आहेत. गाईडनी सांगितलंय की चाळीस विधानांची तयार पाचबिंदू श्रेणी (प्रत्येक विधानापुढे ‘नेहमी’ ते ‘कधीच नाही’ अशा पाच पायऱ्या) घ्या आणि मुलं रोज किती मिनिटं इंटरनेटवर अभ्यास करतात तेही विचारा. बाईंचे दोन प्रश्न आहेत. अल्फा, म्हणजे विधानांची उत्तरं आपसात किती जुळतात ते सांगणारा आकडा, किती यायला हवा? आणि ही मिनिटं मुलांना खरंच सांगता येतात का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पहिल्याला किती महत्त्व द्यायचं ते त्यावरून ठरेल. नाही, मिनिटं मुलांना सांगता येत नाहीत. मोठ्यांनाही येत नाहीत. डग्लस पॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये असे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, ज्यांत माणसांनी सांगितलेला वापरही होता आणि फोनने स्वतः नोंदवलेला वापरही. दोन्हींतला सहसंबंध (शून्य म्हणजे काही नातं नाही, एक म्हणजे पूर्ण जुळणी) सरासरी ०.३८ निघाला. त्याचा वर्ग करा, ०.१४ येतो. म्हणजे सांगितलेल्या आकड्यांत जो चढउतार दिसतो, त्याचा जेमतेम सातवा हिस्सा खऱ्या वापराशी जुळतो. मुलांचे भरलेले कागद हातात घेतले की हे डोळ्यांनाही दिसतं. अर्धा तास, एक तास, दोन तास, एवढेच आकडे असतात. पंचवीस मिनिटं कोणी लिहीत नाही.

बरं, मिनिटं अगदी बिनचूक मिळाली असं धरू. अँड्रॉइडच्या ‘डिजिटल वेलबीइंग’मध्ये यूट्यूबसमोर एक तास बारा मिनिटं दिसतात. त्या वेळात मुलगी आवर्तसारणी समजून घेत होती, की गरब्याच्या स्टेप्स बघत होती, की व्हिडिओ चालू ठेवून झोपली होती, हे तिथे लिहिलेलं नसतं. आपल्या गावाला ही अडचण नवी नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले, राज्यभर ग्रंथालयांचं जाळं उभं केलं, पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरवल्या. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा आपल्याला अभिमान वाटतो तो त्या कामामुळेच. पण पुस्तक घरी गेलं एवढंच देवघेवीच्या रजिस्टरमध्ये कळतं. ते वाचलं गेलं का, वाचून काही उमगलं का, हे कळायला वाचकाशीच बोलावं लागतं. फोनवरची मिनिटं म्हणजे तेच देवघेवीचं रजिस्टर.

मी बरीच वर्षं बी.एड., एम.एड.च्या विद्यार्थ्यांना संशोधनाची साधनं, म्हणजे प्रश्नावल्या आणि श्रेणी, करायला शिकवत आले, त्यातली बहुतेक इथेच. या विषयावर सुरुवातीला मी स्वतः जे साधन केलं त्यात विधानं भरपूर होती, अल्फा उत्तम आला होता आणि मी खूश होते. मग सर्वांत जास्त गुण मिळालेल्या काही मुलांच्या घरी गेले. बडोद्याच्या वाडी भागातल्या एका चाळवजा घरात तो मुलगा भेटला. त्याने प्रत्येक विधानापुढे ‘नेहमी’वर खूण केली होती. घरात एकच फोन, वडिलांचा, काच तडकलेली. वडील रिक्षा चालवतात, रात्री साडेनऊनंतर येतात. जेवण होईपर्यंत फोन चार्जिंगला. मग त्याच्या आणि धाकट्या बहिणीच्या हातात मिळून अर्धा-पाऊण तास. दिवसाचा दीड जीबीचा पॅक तोवर बरेचदा वडिलांनीच संपवलेला. मी विचारलं, “मग तू ‘नेहमी’ का लिहिलंस रे?” तो म्हणाला, “फोन हातात आला की नेहमी अभ्यासाचंच आधी बघतो, बाई.”

त्याच्या बाजूने ते उत्तर पूर्ण खरं होतं. माझ्या कागदावर मात्र तो, अलकापुरीसारख्या सुखवस्तू भागात, स्वतंत्र खोलीत स्वतःचा लॅपटॉप असलेल्या मुलाच्या वर जाऊन बसला होता. माझ्या प्रश्नाने त्याच्या धडपडीला आणि त्याच्या गैरसोयीला एकाच आकड्यात कोंबलं होतं. ते मला आजही बोचतं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: सवय विचारू नका, मिनिटं विचारू नका, एक घडलेला प्रसंग विचारा. आणि जमेल तेवढ्या मुलांना तो करून दाखवायला सांगा. बाकीची आकडेमोड त्यावर उभी राहू दे.

आधी शब्दांकडे बघू. ‘इंटरनेट’ या शब्दाचा अर्थ मुलांच्या तोंडी आपल्यापेक्षा वेगळा असतो. “इंटरनेट वापरतोस का?” असं विचारलं की उत्तर येतं, “नाही, आमच्याकडे नेट नाही, पप्पांचा फोन आहे.” त्यांच्या लेखी ‘नेट’ म्हणजे वायफाय किंवा उरलेला डेटा. यूट्यूब म्हणजे यूट्यूब, व्हॉट्सॲप म्हणजे व्हॉट्सॲप, ते ‘इंटरनेट’ नव्हे. गणिताच्या फोटोवर गूगल लेन्स धरणं हे तर त्यांना ‘फोटो काढणं’ वाटतं. तयार प्रश्नावल्यांत अजूनही ईमेल, सायबर कॅफे, सीडी असे शब्द सापडतात. जिओ आलं २०१६ मध्ये, चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरात. त्याआधीची साधनं जशीच्या तशी उचलली, तर आजचं मूल ज्या वाटांनी शिकतं त्या वाटा कागदावर उमटतच नाहीत.

‘नेहमी, बऱ्याचदा, कधीकधी, क्वचित, कधीच नाही’ या पायऱ्यांचंही तेच. हाताशी फोन आठवड्यातून दोनदा येतो ती मुलगी ‘नेहमी’ म्हणते. रोज संध्याकाळी तासभर बघणारी दुसरी, मोठ्या भावाकडे बघून, ‘कधीकधी’ म्हणते. त्यात आपल्या मुलांच्या घरात मराठी, गल्लीत गुजराती आणि पुस्तकात इंग्रजी. ‘कधीकधी’चं गुजराती ‘क्यारेक’ केलं की काही मुलांना ते ‘क्वचित’च्या जवळचं वाटतं. भाषांतर करून घ्या, मग ज्याने मूळ पाहिलेलं नाही अशा माणसाकडून उलट मराठीत आणवा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा. एका दुपारचं काम आहे. तेही न करता छापखान्यात गेलेल्या प्रश्नावल्या मी पुष्कळ पाहिल्या.

काळाची मर्यादाही विधानात हवी. ‘असर’ या देशभरातल्या शैक्षणिक पाहणीचं उदाहरण बघा. २०२४ च्या त्यांच्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वर्षांच्या ८२.२ टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं. त्यांच्यापैकी ५७ टक्क्यांनी मागच्या आठवड्यात तो शिक्षणाशी संबंधित कामासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. यातला ‘मागच्या आठवड्यात’ हा शब्द सोन्यासारखा आहे. तो नसता तर ५७ चा आकडा नक्की फुगला असता. ‘त्यांच्यापैकी’ हाही शब्द सोडू नका. सगळ्या मुलांमधून मोजलं तर ५७ टक्के उरत नाहीत, ४७ च्या आसपास येतात. वर्तमानपत्रात बातमी येते तेव्हा हा छेद, म्हणजे टक्के कोणांतून काढले ते, सर्वांत आधी गळतो, आणि प्रबंधांतही गळतो.

आता प्रसंगाचा प्रश्न कसा विचारायचा. माझा कागद असा सुरू होतो: “मागच्या सात दिवसांत अभ्यासातलं काही अडलं, किंवा काही जाणून घ्यावंसं वाटलं, म्हणून तू फोन किंवा कॉम्प्युटर उघडलास, असा शेवटचा प्रसंग आठव.” त्याखाली पहिलीच चौकट: ‘असा प्रसंग आला नाही.’ ती पहिली ठेवायची, मोठी ठेवायची आणि वर्गात मोठ्याने सांगायचं की ती भरणंही तितकंच बरोबर आहे. नाहीतर मुलं बाईंना खूश करायला प्रसंग रचतात.

ज्यांना प्रसंग आठवला त्यांना मग पुढचं. कोणता विषय? फोन कोणाचा होता, तेव्हा किती वाजले होते? तू नेमकं काय टाइप केलंस किंवा बोललास, जसंच्या तसं लिही. कोणत्या भाषेत? आधी काय उघडलं? तिथे कळलं नाही तर पुढे काय केलंस? शेवटी मिळालेलं कुठे वापरलंस, की कुठेच नाही? एवढंच. एका पानात बसतं. मूल पंधरा मिनिटांत लिहून देतं.

‘जसंच्या तसं लिही’ या ओळीत सगळा खजिना आहे. एकाने लिहिलेलं असतं ‘नववी विज्ञान धडा ३ स्वाध्याय उत्तरे’. दुसरीने लिहिलेलं असतं ‘बर्फ पाण्यावर का तरंगतो’. दोघांनीही तयार श्रेणीत ‘मी अभ्यासासाठी इंटरनेटवर माहिती शोधतो’ यापुढे ‘बऱ्याचदा’ लिहिलं असतं. पण पहिल्याला वही पूर्ण करायची होती आणि दुसरीला कोडं पडलं होतं. पहिल्याला मी वाईट म्हणत नाही, उद्या वही तपासायची असेल तर मीही तेच शोधलं असतं. पण दोघांना एकाच खान्यात टाकून ‘अध्ययनासाठी वापर’ असं नाव देणं मला पटत नाही.

हे प्रसंग नंतर वर्गात पाडायचे. मी पाच वर्ग करते: तयार उत्तर मिळवणं, न समजलेलं समजून घेणं, सराव करणं, शाळेने पाठवलेलं उघडणं (वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेली पीडीएफ ही यातच), आणि कोणी न सांगता आपल्या ओढीने शोधणं. तुमच्या मुलांत सहावा निघाला तर करा. दोन माणसांनी एकमेकांचं न बघता वर्ग पाडायचे आणि मग कोहेनचा कप्पा काढायचा. १९६० चं माप आहे, योगायोगाने जुळलेली उत्तरं वजा करून सहमती किती ते सांगतं. कमी आला तर मुलांना दोष नको, वर्गांच्या व्याख्या परत लिहायच्या.

एकच प्रसंग घेतला तर मूल पूर्ण कळतं का? एका मुलाबद्दल नाही कळत. १२० मुलांच्या गटाबद्दल मात्र पुष्कळ कळतं, कारण प्रत्येकाचा शेवटचा प्रसंग घेतला की एकूण चित्रात नेहमीचे प्रसंग नेहमीच्या प्रमाणात येतात. एकेका मुलाबद्दल बोलायचं असेल तर तीन आठवडे, दर आठवड्याला एकदा तोच कागद द्या. तुम्ही त्यांना रोज शिकवता, बाहेरच्या संशोधकाला न मिळणारी ही सोय तुमच्याकडे आहे. फक्त भरताना तुम्ही वर्गात उभ्या राहू नका. विज्ञानाच्या बाई समोर असल्या की सगळे प्रसंग विज्ञानाचे होतात.

आता करून दाखवण्याबद्दल. ‘असर’वाले हेही करतात: मुलाला फोन आणायला सांगतात आणि गजर लावून दाखव, माहिती शोधून दाखव, व्हिडिओ शोधून पाठवून दाखव असं म्हणतात. येतं का असं विचारण्यापेक्षा हे कितीतरी खरं. तुमच्या १२० मधली वीस-पंचवीस मुलं चिठ्ठ्या टाकून निवडा, शाळेच्या कॉम्प्युटरवर एकेकाला दहा मिनिटं बसवा आणि असा प्रश्न द्या, ज्याचं उत्तर पुस्तकात नाही पण मुलाला त्यात रस आहे. बडोद्यात मी विश्वामित्रीतल्या मगरी घेते. ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर मगर हा प्रत्येक मुलाच्या जिव्हाळ्याचा विषय झालाय. प्रश्न असा: “विश्वामित्रीतली मगर कोणत्या जातीची, आणि ती समुद्राजवळच्या खाऱ्या पाण्यातल्या मगरीपेक्षा वेगळी कशी? तुला खात्री पटली की थांब.”

मागे खुर्ची टाकून बसायचं आणि बघायचं. एका मुलाने पूर्ण प्रश्न इंग्रजीत टाइप केला, वर आलेली पहिली चौकट वाचली, ‘मगर’ (या जातीचं इंग्रजी नावही तेच, mugger) असं लिहून कागद मला दिला. चाळीस-पन्नास सेकंद लागली असतील. इंग्रजी माध्यमाचा हुशार मुलगा. त्याच्यानंतर आलेली मुलगी पालिकेच्या शाळेतून आठवीनंतर आलेली. तिने आधी मराठीत लिहिलं, फारसं काही मिळालं नाही. मग माइकचं चिन्ह दाबून गुजरातीत बोलली. एक बातमी उघडली, त्यात ‘मार्श क्रोकोडाइल’ हा शब्द दिसला. तो तिने अक्षर अक्षर बघून इंग्रजीत टाइप केला, चित्रांवर गेली, खाऱ्या पाण्याच्या मगरीचं चित्र शेजारच्या टॅबमध्ये उघडलं, आणि दोन्हींच्या तोंडाचा आकार बोटाने हवेत काढून बघू लागली. दहा मिनिटं संपली तेव्हा तिचं उत्तर अर्धंच लिहून झालं होतं. उत्तरपत्रिका तपासून गुण दिले असते तर पहिला जिंकला असता. पण शोधण्यातून शिकणं म्हणजे काय, असं कोणी मला विचारलं तर ते हवेत फिरणारं बोट मी सांगेन.

म्हणून बघताना उत्तराबरोबर वाटही टिपा. शब्द किती वेळा बदलले, भाषा बदलली का, एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलं का, कोणी लिहिलंय हे पाहिलं का, कुठे थांबलं. शक्य असेल तर दुसरं छोटं काम द्या: पुरातल्या मगरीचा एक व्हिडिओ दाखवा आणि विचारा, हा बडोद्याचाच आहे हे तू कसं ठरवशील? यावर मुलं जे बोलतात ते शब्दशः लिहून घ्या. आजकाल मी चॅटबॉटलाही मनाई करत नाही. मूल त्याला काय विचारतं आणि मिळालेल्या उत्तरावर पुढचा प्रश्न विचारतं का, हे मला जास्त कामाचं वाटतं.

आता अल्फा. क्रोनबाखने तो १९५१ मध्ये दिला. ०.७ च्या वर चालतो असं सगळे म्हणतात आणि तुमचे परीक्षकही तेच बघतील. पण अल्फा कशाने वाढतो ते एकदा हाताने करून बघा. विधानांमधला आपसातला सरासरी सहसंबंध नुसता ०.२ धरा, म्हणजे फिकाच. दहा विधानं असतील तर अल्फा ०.७१ येतो. तीच फिकी विधानं चाळीस केली तर ०.९१. साधन सुधारलं नाही, फक्त लांबलं. त्यात सगळी विधानं एकाच दिशेची असली आणि मुलं कंटाळून सरळ रेषेत खुणा करत गेली, तर अल्फा आणखी चढतो. माझ्या त्या पहिल्या साधनाचं तेच झालं होतं. अल्फा मुलांच्या उत्तरांतला मेळ सांगतो. आपण जे मोजतोय म्हणतो तेच मोजतोय का, हे तो सांगत नाही.

श्रेणी ठेवायचीच असेल, आणि गाईडच्या समाधानासाठी ठेवावी लागेल हे मी समजू शकते, तर बारा-पंधरा विधानांची ठेवा. प्रत्येकात काळ घाला, एका विधानात एकच गोष्ट घाला. ‘मी इंटरनेटवरून माहिती घेतो व मित्रांना देतो’ हे दोन प्रश्न झाले. विधानं तज्ज्ञांकडून पाहून घेताना, किती जणांना ते आवश्यक वाटतं ते मोजणारं लॉशेचं सूत्र वापरतातच: दहांपैकी आठांनी ‘आवश्यक’ म्हटलं तर गुणोत्तर ०.६ येतं, आणि दहा तज्ज्ञांसाठी किमान ०.६२ हवं, म्हणजे ते विधान पडतं. एकूण गुणांत वरची २७ टक्के आणि खालची २७ टक्के मुलं काढून, दोन्हींत फरक दाखवणाऱ्या विधानांची निवडही करा, १२० मुलांत ती ३२-३२ होतात. हे सगळं तुमच्या पुस्तकात आहे, त्यावर वेळ घालवत नाही. पुस्तकात जे सहसा नसतं ते सांगते: तज्ज्ञांआधी पाच मुलांना शेजारी बसवा, विधान मोठ्याने वाचायला सांगा आणि विचारा, “यात तुला काय विचारलंय?” निम्मी विधानं तिथेच दुरुस्त होतात.

एक युक्ती एस्टर हार्गिटाई यांच्या कामातली आहे. लोकांचं इंटरनेटचं ज्ञान मोजताना त्यांनी खऱ्या शब्दांच्या यादीत अस्तित्वातच नसलेले शब्द मिसळले. तेही ‘चांगलं माहीत आहे’ म्हणणाऱ्याची बाकीची उत्तरं जपून घ्यायची. तुम्ही शैक्षणिक ॲप आणि साइटची यादी देणार असाल, दीक्षा, स्वयं, यूट्यूब वगैरे, तर त्यात एक कल्पित नाव टाका. ज्यांनी त्यावर खूण केली त्या मुलांना पकडल्यासारखं करू नका. एकूण उत्तरांत किती फुगवटा आहे याचा अंदाज तेवढा घ्या.

आणि एक मोठा गोंधळ टाळा. किंबर्ली यंग यांची १९९८ ची वीस प्रश्नांची व्यसनमापिका बऱ्याच प्रबंधांत ‘इंटरनेट वापर’ म्हणून घुसते. ती आजाराच्या बाजूने बघते. शिकण्याचा वापर म्हणजे व्यसनाची उलटी बाजू नव्हे. एकच मूल दोन्हींत वर असू शकतं.

संपादणुकीशी सहसंबंध काढाल तेव्हा हात आखडता ठेवा. गणितात मागे पडलेलं मूल व्हिडिओ जास्त बघतं, कारण त्याला गरज असते. सहसंबंध ऋण आला म्हणून व्हिडिओ वाईट ठरत नाहीत. घरची परिस्थिती गुण आणि फोन दोन्ही देते. सहसंबंध धन आला म्हणून इंटरनेटने गुण वाढवले असंही होत नाही. पोहोच (फोन कोणाचा, कधी मिळतो, डेटा उरतो का) हे वेगळं चल म्हणून मोजा आणि ते स्थिर धरून बघा, म्हणजे सारखी पोहोच असलेल्या मुलांचीच आपसात तुलना करा. शिवाय एकाच शाळेतली मुलं आहेत, तेव्हा शीर्षकात ‘बडोद्यातील विद्यार्थी’ असं लिहू नका. शक्य असेल तर तीन शाळा घ्या, प्रत्येकी चाळीस मुलं: एक पालिकेची, एक गुजराती माध्यमाची, एक इंग्रजी. मराठी माध्यमाचे वर्ग आता थोडे उरलेत, मिळाला तर तो आवर्जून घ्या. १२० तीच, पण चित्र कितीतरी रुंद. कामाला लागण्याआधी शोधगंगेवर या विषयावरचे प्रबंध उघडा. ती विद्यापीठांतल्या प्रबंधांची साइट, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेची आहे, फुकट आहे. निष्कर्ष बघण्याआधी मागची परिशिष्टं बघा, कारण प्रश्नावली तिथे असते.

नावाचं एक सांगायचंय. खूप वर्षांपूर्वी माझ्या प्रश्नावलीवर वरच्या बाजूला ‘विद्यार्थ्याचे नाव’ अशी ओळ होती. एका शाळेत भरलेले कागद माझ्याकडे येण्याआधी ऑफिसात दोन दिवस राहिले. एका मुलीने प्रामाणिकपणे लिहिलं होतं की ती रात्री सगळे झोपल्यावर भावाच्या फोनवर रसायनशास्त्राचे व्हिडिओ बघते. ते कोणीतरी वाचलं, घरी कळवलं, आणि तिचा फोन बंद झाला. अभ्यासाचा एकमेव रस्ता होता तो. त्या शाळेवर मी रागावले, पण ती ओळ मी छापली होती. त्यानंतर मी नाव कधी घेतलं नाही. आकडा द्या, त्या आकड्यांची यादी तुमच्या घरी ठेवा, कागद मुलांच्या समोर पाकिटात घाला आणि चिकटवा. ब्राउझरची हिस्टरी मागू नका, घरचा एक फोन असतो, त्यात आईचं डॉक्टरांचं शोधणंही असतं. फोनमधली नोंद घ्यायचीच असेल तर २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा अठराखालच्या प्रत्येकाला मूल मानतो आणि पालकांची संमती मागतो, हे ध्यानात असू द्या. संमतीपत्र गुजरातीत आणि मराठीत, दोन्हींत करा, आणि मुलालाही स्वतंत्र विचारा.

राहता राहिली वेळ. ‘मागच्या सात दिवसांत’ असं विचारणार म्हणजे ते सात दिवस साधे असायला हवेत. नवरात्रातले किंवा त्याच्या लगेच नंतरचे घेऊ नका, मुलं रात्री एकपर्यंत गरब्यात असतात. उत्तरायणाचा आठवडा नको, घटकचाचणीच्या आदला आठवडा तर मुळीच नको, तेव्हा सगळेच ‘स्वाध्याय उत्तरे’ शोधतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली की दुसरा आठवडा संपेपर्यंत थांबा आणि सोमवारी कागद द्या, म्हणजे शनिवार-रविवार ताजे असतात. त्याआधी हातात दिवस आहेत, तेवढ्यात त्या पाच मुलांना घेऊन बसा. त्यांतलं एक तरी असं घ्या, ज्याच्या घरी फोन रात्री साडेनऊनंतर येतो.